चासीवरचा शेवटचा आकडा

पोनिरानला स्वस्थ बसणं आयुष्यात कधी जमलं नाही. सदुसष्टावं सरत आलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हा माणूस एका जागी दहा मिनिटं टेकेल तर शपथ. चहा घ्यायचा तो उभ्याने, आणि जेवताना निदान दोनदा उठायचं ते कोंबड्या हाकलायला. त्या सोमवारी गाड्यांच्या कचेरीतून परत आल्यापासून तर त्याच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून अंगणात.

"पाक, जमीन झिजेल हो," त्याची बायको मुजिरा पडवीत सोयाबीन निवडत म्हणाली. ती नवऱ्याला पाक म्हणायची आणि तो तिला बू. "काय म्हणाले कचेरीत?"

"गुरुवार."

"गुरुवार काय?"

"गुरुवारी कागदांची मुदत संपल्याला दोन वर्षं पुरी होतात. मग कोल्टचं नाव वहीतून कायमचं खोडणार. मग ती गाडी नाही, बू. भंगार."

कोल्ट गोठ्यात उभी होती. पांढुरकी, डब्यासारखी, अकरा जणांची. तीस वर्षांहून अधिक काळ तिने मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या भाजीवाल्या बायकांना पहाटे मुंतिलानच्या बाजारात नेलं आणि दुपारी परत आणलं. पुढे नव्या पिकअप गाड्या आल्या, बायका तिकडे गेल्या आणि कोल्ट गोठ्यात गेली. पोराने बाताम बेटावरून फोनवर दहादा सांगितलं, देऊन टाका भंगारात. पोनिरानने दहाही वेळा फोन मुजिराच्या हातात दिला. गाडी आहे तोवर आपण ड्रायव्हर आहोत, असं त्याचं साधं गणित होतं. गाडी गेली की उरतो तो पडवीत बसलेला एक म्हातारा, आणि बसणं तर त्याला जमत नव्हतंच.

मग दोन वर्षं झोपला होता का, असं कुणीही विचारेल. झोपला नव्हता. बाकी साऱ्या जगाची घाई असलेला हा माणूस हे एकच काम टाळत आला होता, कारण कचेरीत बाकावर बसून राहावं लागतं. शिवाय आजवर त्याला तिथे कधी जावं लागलंच नव्हतं.

दर पाच वर्षांनी कचेरीत चासी नंबरची पट्टी द्यावी लागते. चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर कागदाची पट्टी धरायची, वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उठतात. पण दर वेळी गाडीखाली कोण झोपणार? गाडी घेतली तेव्हाच विकणाऱ्या माणसाने अशा सहा पट्ट्या घासून पाकिटात घालून दिल्या होत्या. पाच वर्षं झाली की तोहिर नावाचा दलाल यायचा, चहा प्यायचा, पाकिटातली एक पट्टी न्यायचा आणि गाडीचं तोंडही न बघता काम करून आणायचा. सगळा गाव हेच करायचा आणि स्वतःला शहाणा समजायचा. आता पट्ट्या संपल्या होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ तोहिरही वारला होता. कचेरीतल्या नव्या पोरीने गोड हसून सांगितलं होतं, "आजोबा, गाडीच घेऊन या. नंबर आमच्यासमोर घासायचा. गाडीच्या पुस्तकाशी जुळला की पाच मिनिटांचं काम."

थोडक्यात काय, सदतीस वर्षांत त्या नंबरापुढे कुणी वाकलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पोनिरान वाकला. गाडी जॅकवर घेतली, गोणपाट अंथरलं आणि उजव्या पुढच्या चाकामागे सरपटत गेला. टॉर्चच्या उजेडात बघतो तर नंबराच्या जागी नुसता गंज. साधासुधा नाही, पापुद्र्यांवर पापुद्रे. नखाने खरवडलं तर हातात चुरा आला आणि खाली पुन्हा गंजच.

मंगळवारी सकाळी शेजारचा गितो आला. हा तिशीतला मेकॅनिक, कोपऱ्यावर त्याचं गॅरेज. पोनिरानला तो पाकदे, म्हणजे थोरले काका, म्हणायचा. गुरुवारी कोल्टला आपल्या पिकअपमागे बांधून कचेरीत नेण्याचं त्याने कबूल केलं होतं. त्याने खाली डोकावून बघितलं आणि शीळ घातली.

"पाकदे, हे तर खाऊन टाकलंय."

"ग्राइंडर आण तुझा."

"वेड लागलंय का? ग्राइंडर लावला तर गंजासोबत आकडेही जातील. मग कचेरीत काय दाखवणार, गुळगुळीत पत्रा? नंबर नाही तर गाडी चोरीची म्हणतील. तारेचा ब्रशसुद्धा लावू नका. पॉलिश पेपर तर लांबच ठेवा."

"मग काय फुंकर मारू?"

"भिजवा. वेळ लागेल, पण भिजवूनच निघेल."

वेळ लागेल म्हटल्यावर पोनिरानचा चेहरा पडला. पण भिजवणं म्हणजे काय हे त्याला गितोपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याचे आजोबा सुरो महिन्यात, नव्या वर्षाच्या सुरुवातीला, घरातली कट्यार, जुनी केरिस, अशीच धुवायचे. नारळाच्या पाण्यात भिजवायची, बिलिंबीची आंबट फळं आणि लिंबू चोळायचं, आणि मुख्य म्हणजे घाई करायची नाही. लहानगा पोनिरान पाण्यात सारखा हात घालायचा म्हणून त्याला दर वर्षी त्या दिवशी मावशीकडे पाठवून द्यायचे.

त्याने परसातल्या बिलिंबीच्या झाडावर हल्ला केला. टोपलीभर फळं खाली आली, मुजिराच्या पाट्यावर ठेचली गेली.

"आंबट रस्सा आता कशाचा करू? तुमच्या गाडीच्या गंजाचा?" मुजिरा कडाडली. "आणि तो माझा मिरचीचा पाटा आहे!"

"गुरुवारनंतर धुऊन देतो."

"गुरुवारनंतर नवीन आणा."

चासी काही बादलीत बुडवता येत नाही. म्हणून त्याने जुन्या सारोंग लुंगीचा तुकडा बिलिंबीच्या चोथ्यात आणि लिंबाच्या रसात भिजवला, नंबरावर थापला, वरून केळीचं पान लावलं आणि सुतळीने घट्ट बांधून टाकलं. मोडलेल्या हाताला पाला बांधावा तसं ते दिसत होतं. आता दुपारपर्यंत हात लावायचा नाही, असं त्याने स्वतःलाच बजावलं.

दहा मिनिटांनी तो परत गाडीखाली होता.

"सुटलं का?" मुजिराने आतूनच विचारलं.

"बघत नव्हतो. सुतळी सैल वाटली."

हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने बाकीचे सुटे भाग काढले. दाराच्या बिजागऱ्या, बंपरचे नटबोल्ट, चाकांच्या टोप्या. सगळं नारळाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं, वर उरलेली बिलिंबी. तासाभराने पाणी तांबूस होऊ लागलं, बारीक फेस आला. एक बिजागरी काढली, काथ्याने घासली, चुलीच्या राखेच्या पाण्यात विसळली म्हणजे आंबटपणा मरतो, फडक्याने कोरडी केली आणि लगेच तेलाचा हात फिरवला. तेल लावायला जरा उशीर केला तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस झाक येते. बिजागरी करड्या रंगाची, स्वच्छ निघाली. पोनिरानला बरं वाटलं. पण नजर घड्याळाकडे जायची, आणि पाय गाडीकडे.

दुपारी मुजिराने एक झाकलेला वाडगा घेतला आणि ती बांबूच्या बेटाकडे निघाली. पोनिरानने बघून न बघितल्यासारखं केलं. बेटापलीकडे, पाटाच्या काठावर, त्याचा धाकटा भाऊ लेगिमान राहत होता. मुजिरा आणि लेगिमानची बायको, दोघींचे वाडगे बावीस वर्षं बेटातून ये-जा करत होते. भावाभावांचं बोलणं मात्र बावीस वर्षं बंद होतं.

एके काळी कोल्ट दोन होत्या. वडिलांची जमीन विकून दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या दोन गाड्या घेतल्या. शेजारी उभ्या केल्या तर घेणाऱ्यालाही ओळखता येऊ नयेत. पंधरा वर्षं दोन्ही धावल्या. मग एका पावसाळ्यात मेरापीवरून राखेचा आणि दगडांचा लोंढा नदीतून खाली आला आणि पुलाशी उभी असलेली लेगिमानची कोल्ट घेऊन गेला. माणसं उतरलेली होती, तेवढं नशीब. गाडी पार वाळूत गाडली गेली. पंधरा दिवसांनी लेगिमान भावाच्या दारात आला आणि म्हणाला, कांग, म्हणजे दादा, उरलेली एक आपण आळीपाळीने चालवू. एक आठवडा तू, एक आठवडा मी.

पोनिरान तेव्हा टायर बदलत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुझी गेली. ही माझी आहे. कागद माझ्या नावावर आहेत."

लेगिमान थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. पुढे तो टोपल्या विणायला लागला, सलाक फळांच्या बागांत मजुरीला जायला लागला. पोनिरानला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटलं की तो काहीतरी कामाला लागायचा, आणि काम संपेपर्यंत वाईट वाटणं संपलेलं असायचं. असे लोक असतात.

मंगळवारी दिवस कलताना त्याने केळीचं पान सोडलं. फडक्याखाली काळपट चिखल झाला होता. काथ्याने हलकेच पुसला. पहिला पापुद्रा सुटला होता, पण आकडे नाहीत. पुन्हा चोथा थापला. बुधवारी उजाडताच पुन्हा सोडला, आणि या वेळी डाव्या बाजूने आकडे दिसू लागले.

"बू! निघाले! बू!"

मुजिरा हातातला झारा घेऊनच धावत आली. गाडीखालून फक्त नवऱ्याचे पाय दिसत होते आणि ते आनंदाने हलत होते.

"वाचा मग."

"सहा," तो ओरडला. "चार." मग घासल्याचा आवाज. "एक. बू, आता शेवटचा आठ तेवढा राहिला."

नंबर त्याला तोंडपाठ होता. पुस्तकात बघायची गरज नव्हती. शेवटचे चार आकडे सहा, चार, एक, आठ. हाच नंबर पोराच्या फोनचा शेवट म्हणूनही त्याने मागून घेतला होता. आता शेवटच्या आकड्यावरचा एक तिळाएवढा पापुद्रा काही केल्या सुटेना. त्याने लिंबाची फोड दाबून धरली. मनात शंभर मोजायचे ठरवले आणि चाळिसाला सोडून दिलं. फडकं फिरवलं.

पाय हलायचे थांबले.

"काय झालं?"

 पुन्हा घासल्याचा आवाज, या वेळी जोरात.

"पाक, अहो, डोळ्यात गेलं का काही?"

"गितोला बोलाव," तो म्हणाला.

गितो आला, खाली सरकला, मोबाईलने फोटो काढला आणि बाहेर येऊन दोन बोटांनी तो मोठा केला. तिघांची डोकी फोनवर वाकली. सहा, चार, एक, नऊ. वरचा गोळा पूर्ण, खालचा अर्धवट, डावीकडून उघडा. जिथे उघडा होता तिथलं लोखंड अगदी गुळगुळीत होतं. तिथे कधी काही ठोकलेलंच नव्हतं.

"पुस्तक आणा बरं," गितो म्हणाला.

पुस्तकात आठ होता. तो आठच असणार होता.

"म्हणजे हे पुस्तक दुसऱ्या गाडीचं," गितो डोकं खाजवत म्हणाला. "पाकदे, शेवटी एकोणीस असलेली गाडी कुणाची होती?"

कुणी बोललं नाही. तिने झारा पदरात धरला आणि ती खाली बसली.

पोनिरानला सगळं आठवत होतं. नुसतं आठवत नव्हतं, उन्हासकट दिसत होतं. गाड्या आधी आल्या, कागद आणि नंबरपाट्या तीन महिन्यांनी आल्या. त्या तीन महिन्यांत माझी-तुझी असं काही नव्हतंच. सकाळी जो आधी उठेल तो पुढची गाडी काढायचा. पाट्या आल्या तेव्हा लेगिमान पाना घेऊन पुढे झाला होता. पोनिरानने त्याच्या हातातून पाना काढून घेतला. सोड, तुला जमायचं नाही, मोठा मी आहे. पाच मिनिटांत त्याने चारही पाट्या ठोकून टाकल्या. खाली वाकून चासी नंबर बघायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला घाई होती.

म्हणजे लोंढ्याने नेली ती त्याची. आणि ही जी गोठ्यात उभी होती, जी त्याने त्यानंतर वर्षानुवर्षं एकट्याने चालवली, ती लेगिमानची.

"उद्या नेऊन सांगू खरं काय ते," मुजिरा हळूच म्हणाली. "चूक झाली म्हणू."

"काही उपयोग नाही, बूदे," गितो म्हणाला. "एकोणीसवाल्या गाडीचे कागद लेगिमान काकांनी लोंढ्यानंतर कधी भरलेच नसणार. तो नंबर वहीतून केव्हाच खोडला गेला. जिवंत आहे तो फक्त आठ, आणि तोही उद्यापर्यंत." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? रागावू नका. नऊ आहे ना, त्याची खालची बाजू तेवढी बंद करायची. बारीक छिन्नी, एक टोला. नऊचा आठ. वर जरा बिलिंबी चोळली की जुना दिसेल. देवाच्या बापाला कळणार नाही."

"जा तू," पोनिरान म्हणाला.

"मी तुमच्यासाठीच..."

"जा म्हणतो ना! छिन्नी ठेवून जा."

गितो छिन्नी ठेवून गेला.  मुजिराने नुसतं नवऱ्याकडे बघितलं आणि ती चुलीपाशी गेली. कधी कधी बायकोने बोललेलं परवडतं.

पोनिरान पुन्हा गाडीखाली गेला. पाठीवर पडून त्याने छिन्नीचं टोक नऊच्या उघड्या बाजूला टेकवलं. हातोडी उचलली. एकच टोला, आणि गाडी राहते, कागद राहतात, तो ड्रायव्हर राहतो. कुणाचं काय जातं? लेगिमानला माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीचं दुःख होत नाही. त्याने हातोडी आणखी वर घेतली आणि ती वरच राहिली. आयुष्यभर ज्या हातांनी आधी केलं आणि मग विचार केला ते हात पहिल्यांदाच थांबले होते, आणि हे त्याला अजिबात आवडलं नाही. त्याला लाज वाटत होती. साधी, पोरासारखी लाज. छिन्नी नऊवरून घसरायची, तो पुन्हा टेकवायचा. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्याने छिन्नी बाजूला फेकली, गाडीखालून बाहेर आला आणि हातही न धुता बांबूच्या बेटातून चालायला लागला.

लेगिमान अंगणात सलाकच्या टोपल्या विणत बसला होता. बसणं त्याला छान जमायचं, लहानपणापासून. पायात बांबूची कामटी धरून त्याने वर बघितलं. पांढरे केस, कोपरापर्यंत तांबडे हात, कपड्यांना बिलिंबीचा आंबूस वास. बावीस वर्षांनी भाऊ दारात उभा होता.

"मुजिरा वहिनी बऱ्या आहेत ना?" त्याने घाबरून विचारलं.

"बरी आहे."

"मग?"

पोनिरान उभाच होता. कसं सुरू करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने मधूनच सुरू केलं. "चासी नंबर साफ केला."

लेगिमानचा हात थांबला. मग त्याने कामटी खाली ठेवली आणि तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता डोळे पुसले.

"केलास एकदाचा," तो म्हणाला.

पोनिरानने एक पाऊल पुढे टाकलं. "तुला माहीत होतं?"

"माझी गाडी वाळूतून काढली तेव्हा भंगारवाल्याने चासी माझ्यासमोर कापली. नंबर लिहून घ्यायला मीच वाकलो होतो. शेवटी आठ. मला वाटलं माझीच वाचायची चूक. घरी येऊन पुस्तक बघितलं. त्यात नऊ."

"केव्हा?"

"तुझ्या दारात आलो त्याच्या आदल्या दिवशी."

 पाटाचं पाणी तेवढं वाजत होतं.

"सांगायलाच आलो होतो, कांग," लेगिमान म्हणाला. "रस्ताभर हसत आलो. मनात म्हटलं, आता कांगची कशी फजिती करतो बघ. गेली ती तुझी, राहिली ती माझी, म्हणून काय झालं, एक एक आठवडा चालवू. आधी आळीपाळीचं बोललो. गंमत मागून सांगणार होतो. तू मानसुद्धा वर केली नाहीस."

"मग तेव्हाच तोंडावर का नाही फेकलंस?"

"राग आला. तुला काय वाटतं, तुलाच राग येतो?" लेगिमानचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्हटलं, स्वतः वाकेल तेव्हा कळेल. पाच वर्षं झाली की वाट बघायचो, यंदा तरी हा गाडीखाली जाईल. तर तोहिर यायचा, चहा प्यायचा, पट्टी घेऊन जायचा. मेला तेव्हा मी त्याच्या मातीला गेलो आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या."

"गाडी घेऊन जा," पोनिरान म्हणाला. "उद्या भंगार होईल, पण तुझी आहे. घेऊन जा. नाहीतर... गितो म्हणतो एका टोल्यात नऊचा आठ होतो. तू सांगशील तर मारतो. तुझी गाडी, तू सांग."

"मला काय करायची ती आता? मला डोळ्याने धड दिसत नाही." लेगिमानने पुन्हा कामटी उचलली, पण विणली नाही. "गाडीचं सोड, कांग. बाजाराच्या दिवशी मी डोक्यावर टोपल्या घेऊन चालत जायचो ना? सहा मैल. मागून हॉर्न यायचा. मी वळून न बघता ओळखायचो. बाजूला व्हायचो. तू पुढे जायचास. अकरा जागा, त्यातल्या दोन-तीन तरी रिकाम्या दिसायची मला मागच्या काचेतून. इतकी वर्षं माझ्याच गाडीची धूळ खाल्ली मी. एकदा, एकदा तरी 'चढ' म्हणायला काय जात होतं तुझं? नंबराचा आणि त्याचा काय संबंध?"

पोनिरानने तोंड उघडलं. घाई असायची, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. मग तो भावाच्या अंगणात, टोपल्यांच्या ढिगाशेजारी, खाली बसला आणि गंजाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून रडला. लेगिमानने त्याला थोपटलं वगैरे नाही. टोपलीचा काठ पुरा केला.

बरंच उन्ह खाली गेल्यावर लेगिमानच म्हणाला, "शनिवारी बाजार आहे. बारा टोपल्या आहेत."

"मी उचलतो."

"सहा तू, सहा मी. मी काही मेलेलो नाही."

गुरुवारी गितो पिकअप आणि दोर घेऊन आला. पोनिरानने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. गितोने छिन्नी परत मागितली, वाकून बघितलं तर नऊ तसाच होता, आणि तो निघून गेला. कचेरी बंद व्हायची वेळ झाली तसा पोनिरान अंगणात फेऱ्या घालायला लागला. बारा वेळा थांबला, तेरा वेळा चालला. वेळ टळली. मुजिराने पाटा राखेने घासून घेतला आणि त्यावर मिरच्या वाटल्या.

शनिवारी पहाटे दोघे भाऊ निघाले. पोनिरानच्या डोक्यावर सहा टोपल्या, लेगिमानच्या डोक्यावर सहा. पहिला मैल पोनिरान पुढे होता, सवयच तशी. दुसऱ्या मैलाला गुडघ्यांनी दगा दिला आणि तो मागे पडला. रस्ता एवढा लांब आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. गाडीतून तो वीस मिनिटांचा होता. वळणावर टोपल्या सावरताना त्याला वाटलं, आता बसावं. पण बसला तर लेगिमान पुढे जाईल, म्हणून बसला नाही.

तिसऱ्या मैलाला मागून गितोची पिकअप आली. मागे भाजीवाल्या बायका खच्चून भरलेल्या, त्यांच्या कोबीच्या गोण्या, कोंबड्यांचे खुराडे. गितोने खिडकीतून डोकं काढलं.

"पाकदे, काका! टोपल्या वर टाका! पुढे एकाची जागा आहे, एकाचीच."

टोपल्या वर गेल्या. बायकांनी ओढून घेतल्या आणि पोनिरानला ओळखून एकीने हाक मारली, "काय ड्रायव्हर, आज पायी?" सगळ्या हसल्या.

पोनिरानने दाराच्या कडीवर हात ठेवला. गुडघे ठणकत होते. मग त्याने कडी ओढून दार उघडलं आणि ते उघडं धरून बाजूला झाला.

"चढ," तो म्हणाला.

लेगिमानने त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग तोंडाकडे. काहीतरी बोलेल, नको म्हणेल, आग्रह करेल, असं पोनिरानला वाटलं. लेगिमान सरळ चढला, सारोंग सावरून नीट ऐसपैस बसला आणि त्याने दार लावून घेतलं.

"चल रे," तो गितोला म्हणाला. "कांग येतो मागून. त्याला घाई नाही."

पिकअप गेली. कोरड्या रस्त्याची धूळ उठली आणि पोनिरानच्या नाकातोंडात गेली. त्याने तोंड पुसलं नाही. मागच्या काचेतून त्याला भावाचं पांढरं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही. पोनिरान अजून तीन मैल बाकी असलेल्या रस्त्याने चालत राहिला.